म्हातारा कुत्रा, म्हातारी मांजर : सुरतच्या घरात काळजी कशी घ्याल?

सुरत : "वय झालं आता त्याचं" असं म्हणून आपण जे सोडून देतो, ते बऱ्याचदा नुसतं वय नसतं, दुखणं असतं. आमचा टॉमी अकराव्या वर्षी जिना चढेना. चार महिने आम्ही हेच वाक्य बोलत बसलो. गुडघे सुजलेले, नखं वाढून वळलेली. औषध सुरू झालं आणि पंधरा दिवसांत स्वारी परत गेटपर्यंत यायला लागली.

तसं पाहिलं तर म्हाताऱ्या जनावरांना सांभाळण्यात सुरत जुनी आहे. इथल्या पांजरापोळीला इंग्रज 'बनियन हॉस्पिटल' म्हणत. वॉल्टर हॅमिल्टनच्या १८२० च्या पुस्तकात तिचं १७७२ सालचं वर्णन आहे. घोडे, बैल, माकडं, कबुतरं, आणि ७५ वर्षांपासून तिथेच राहिलेलं एक म्हातारं कासव!

लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्डसारखा मोठा कुत्रा सातव्या-आठव्या वर्षीच म्हातारपणाकडे झुकतो. लहान जातीचा दहाच्या आसपास, मांजरही साधारण तेव्हाच. यानंतर वर्षातून दोनदा तपासणी हवी. रक्त, लघवी, दात, वजन.

घरात लक्ष कशावर ठेवायचं? पाण्यावर. भांडं नेहमीपेक्षा लवकर रिकामं होऊ लागलं तर किडनी किंवा साखरेचा त्रास असू शकतो. नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत सुस्त पडली, पाणी फार पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. अशा वेळी उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मांजराने दोन दिवस तोंडाला काही लावलं नाही तरी तसंच.

आपल्या डब्यातली गोळी कधीच देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडनी जाते. कांदा-लसणाची भाजी, द्राक्षं, चॉकलेट हेही नको.

उधना, डिंडोलीकडच्या रो-हाऊसमध्ये गुळगुळीत टाइल्स आणि उभा जिना असतो. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला तो छळच. जाण्यायेण्याच्या वाटेवर जुनी सतरंजी किंवा रबरी चटई टाका, अंथरूण खालच्या मजल्यावर आणा. फिरवायचं पहाटे. सुरतची दमट हवा पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला लवकर धाप लावते.

सुट्टीत गावी न्यायचं तर विचार करून. ताप्ती लाइनच्या गाडीत कुत्रा स्लीपरला चालत नाही, थ्री-एसीलाही नाही. एसी फर्स्टचा अख्खा कूपे आपल्या नावावर नसेल तर त्याला गार्डाकडच्या डॉग बॉक्समध्ये जावं लागतं. मे महिन्यात नंदुरबार, अमळनेरच्या उन्हात म्हाताऱ्या जिवाला ती पेटी झेपत नाही. त्यापेक्षा शेजाऱ्याकडे किल्ली आणि औषधाची चिठ्ठी ठेवा.

मोठ्या तपासणीसाठी नवसारीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं.

आणि "गावाकडे मळ्यात सोडून येऊ" हा बेत कुणी करत असेल तर ऐका. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. जन्मभर वाटीत जेवलेला कुत्रा तेराव्या वर्षी शिकार करायला शिकत नाही. मळ्यातली कुत्री त्याला पहिल्याच रात्री फाडतात.