७५ वर्षांचा पुरावा मागणाऱ्यांनो, १९३० साली कागद कोणाच्या हातात होता?

वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली आदिवासी दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा. बौद्ध किंवा इतर बिगर-आदिवासी असेल, तर त्याशिवाय तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवासही दाखवायचा. हिशोब करा. आपण थेट १९३० ला जाऊन पोहोचतो.

तेव्हा चांदा जिल्ह्यात मालगुजारी होती, जंगलपट्ट्यात अहेरीसारख्या जमीनदाऱ्या होत्या. मध्य प्रांताच्या १९२० च्या कूळ कायद्याने कुळांच्या पायऱ्या पाडल्या होत्या. वरच्या कुळाचा हक्क वारसाने चाले, पोटकुळाला संरक्षण जवळपास नव्हतेच. गावसेवेच्या बदल्यात जमीन धरणाऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. महाराकडे कोतवाली असली तर जमीन होती, कोतवाली सुटली की जमीनही सुटली. बटईचा करार तर तोंडीच. कसणारा आपला, लिहिणारा दुसरा.

सेवेला बांधलेली जमीन म्हणजे गुलामीची साखळी, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा काढला. तो कोकणातल्या कुळांचा लढा होता, पण दुखणे चांद्याचेही तेच होते.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. जंगल मात्र कसणाऱ्याकडे आले नाही, सरकारकडे गेले. १९५८ च्या विदर्भ कूळ कायद्याने १ एप्रिल १९६१ पासून कुळाला मालक मानले. पण आपण कूळ आहोत हे तोंडी बटईवाला सिद्ध करणार कशाने? कालचा कसणारा आज 'अतिक्रमणधारक' झाला.

१९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. पण आपल्या दोन जिल्ह्यांत प्रश्न जंगलाचा, आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने केंद्राच्या मंजुरीशिवाय ती वाट बंद केली होती.

म्हणजे ज्यांनी आपल्याला कागद दिला नाही, त्यांचाच कागद आज आपल्याकडे मागितला जातो. ७५ वर्षांची अट गेली पाहिजे, ही आपली मागणी. पण ती जाईपर्यंत हात बांधून बसायचे नाही.

कायदा नीट वाचा. तीन पिढ्यांची अट रहिवासाची आणि जंगलावर अवलंबून असण्याची आहे, त्याच तुकड्यावरच्या ताब्याची नाही. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात. जुने बंदोबस्त अहवाल, गॅझेटियर, जनगणना हेही चालते. एकाहून जास्त पुरावे जोडा. अमुकच कागद आणा, असा हट्ट उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही. ग्रामसभेचा ठराव विरोधात गेला तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे अर्ज करा. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला हुसकता येत नाही.

आणि ही लढाई आदिवासी भावांविरुद्ध नाही. मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तो ग्रामसभेच्या जोरावर. त्याच ग्रामसभेत आपणही बसतो. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली, त्या सोहळ्याला गेलेली माणसे अजून काही गावांत आहेत. त्यांच्या आजोबांचे गाव, शेत, सरपणाची वाट आजच लिहून घ्या. तो जबाब हाच आपला सातबारा.

जय भीम!