उजळाईवाडीच्या माळावरील दीपरिवाज

कोल्हापूरच्या आग्नेयेस, पुणे-बंगळूर रस्त्यालगत, उजळाईवाडीच्या माळावर छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ साली विमानतळ उभारविला. पुढे १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, दरबारचा अंमल संपला आणि विमानतळाचा कारभार यथाकाल सरकारी खाते, औद्योगिक विकास महामंडळ व विमानतळ प्राधिकरण अशा निरनिराळ्या हातांत गेला. परंतु रात्रीच्या उड्डाणांची तजवीज नसल्यामुळे सूर्यास्तानंतर तेथील राबता थांबे. ‘नाइट लँडिंग’ ही करवीरकरांची वर्षानुवर्षांची मागणी २०२२ साली मान्य झाली. त्यामुळे जमिनीवरील विमानाचे दिवे वैमानिक कोणत्या क्रमाने लावतो व मालवितो, हे रात्रीच्या वेळी पाहण्याचा योग कोल्हापूरकरांना अगदी अलीकडे लाभला. तो रिवाज मात्र विमानविद्येच्या बाल्यापासून घडत आलेला आहे.

त्याचे मूळ समुद्रावर आहे. डाव्या अंगास लाल, उजव्या अंगास हिरवा आणि पाठीमागे पांढरा, हा जहाजांचा दस्तूर १९१९ च्या पॅरिस करारान्वये विमानांनी स्वीकारला. हिंदुस्थानात १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम आले. स्वातंत्र्यानंतर शिकागो कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातील नियमांनी या विषयास आंतरराष्ट्रीय शिस्त दिली. रात्री ज्याचे इंजिन चालू आहे, त्या विमानाने ती गोष्ट दिव्याने दर्शवावी, असे ते परिशिष्ट सांगते. आणि रेडिओ बंद पडलेल्या वैमानिकाने मनोऱ्याच्या प्रकाशसंकेतास दिवसा विमानाचे पंखपट किंवा सुकाणू हलवून, तर रात्री लँडिंग लाइट दोनदा चमकावून पोच द्यावी, अशीही त्यात व्यवस्था आहे.

परंतु नियमाच्या अक्षरांपेक्षा त्यांच्या भोवती वाढलेला व्यवहार मला अधिक मोलाचा वाटतो, कारण जमिनीवर लावलेला दिवा वैमानिकाला वाट दिसावी एवढ्यासाठीच नसून, पुष्कळदा तो दुसऱ्या माणसाच्या रक्षणासाठी असतो. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाचे इंजिन सुरू होण्यापूर्वी लाल बीकन लुकलुकू लागतो, तेव्हा भोवतालच्या कामगारांना त्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही: पंखा फिरणार आहे, दूर राहा. पंखे थांबेपर्यंत तो दिवा मालवीत नाहीत, आणि तो मालवेपर्यंत सामान उतरविणारे पुढे सरत नाहीत. भर दुपारीही हाच नेम पाळला जातो. विमान हलू लागले की टॅक्सी लाइट लागतो. मात्र समोर हातातील दांड्यांनी मार्ग दाखविणारा मार्शलर उभा असेल, किंवा दुसरे विमान तोंडासमोर येत असेल, तर विवेकी वैमानिक तो मालवितो, जसा अरुंद गल्लीतून जाणारा जाणता मनुष्य समोरच्याच्या डोळ्यांवरून कंदील बाजूस धरतो. पंखांच्या टोकांवरील शुभ्र स्ट्रोब तर विमानतळाच्या आवारात सहसा लावीतच नाहीत. बाहेरच्या निरीक्षकाचे डोळे अपायकारकपणे दिपत असतील तर लुकलुकणारे दिवे मालविण्याची वा मंद करण्याची मुभा परिशिष्टातच दिलेली आहे, आणि परक्याच्या डोळ्यांची ही काळजी इतक्या रुक्ष दस्तऐवजात वाचून मन भरून येते.

या सौजन्याला एक भीषण मर्यादा आहे, हे १ फेब्रुवारी १९९१ रोजी लॉस एंजेलिसला कळून चुकले. स्कायवेस्टचे छोटे मेट्रोलायनर विमान संध्याकाळच्या अंधारात धावपट्टीवर उड्डाणाच्या अनुज्ञेची वाट पाहत उभे असताना त्याच धावपट्टीवर यूएसएअरच्या बोइंगला उतरण्याची परवानगी मिळाली. छोट्या विमानाचे स्ट्रोब लागलेले नव्हते, आणि जे दिवे होते ते मागून येणाऱ्याच्या दृष्टीस धावपट्टीच्या दिव्यांतून वेगळे ओळखू येण्याजोगे नव्हते. दोन्ही विमानांतील मिळून ३५ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ चूक मनोऱ्याच्या कारभाराची होती, वैमानिकांची नव्हे. तथापि त्या दुर्घटनेने हे लक्षात आणून दिले की, जो संकोच आवारात शोभतो तो धावपट्टीच्या हद्दीत घातक ठरतो.

पुढे अमेरिकेच्या विमान प्रशासनाच्या शिफारशींतून आणि कंपन्यांच्या कार्यपद्धतींतून जो क्रम रूढ झाला तो असा, की धावपट्टीत शिरताना, किंवा ती नुसती ओलांडतानाही, स्ट्रोब लावावेत, आणि प्रखर लँडिंग लाइट उड्डाणाची अनुज्ञा हाती आल्यावर उजळावेत, म्हणजे उभे असलेले विमान कोणते आणि धावू लागणार ते कोणते, हे दुरूनही उमगते. तपशिलांत कंपनीगणिक फरक आढळतो, हे खरे. पण उजळाईवाडीहून रात्री निघणाऱ्या विमानाचे पांढरे झोत जेव्हा एकाएकी धावपट्टीवर पसरतात, तेव्हा परवाना मिळाला, आता ते निघाले, एवढे कुंपणापलीकडून पाहणाऱ्यासही ओळखता येते.