पाठशाळेचे पुस्तक : लेखणीपासून संगणकापर्यंत

शास्त्राची प्रत करून देणे हे जैन परंपरेत शास्त्रदानाचे पुण्यकर्म मानले गेले. ताडपत्रावर व पुढे कागदावर उतरविलेल्या पोथ्या भांडारांत शतकानुशतके जपल्या गेल्या. त्यामुळेच एकोणिसाव्या शतकात धर्मग्रंथ छापखान्यात जाऊ लागले तेव्हा समाजातून तीव्र विरोध झाला. छपाईतील अशुद्ध द्रव्ये व छापील पानांची आशातना ही त्यामागील कारणे होती, आणि ती निव्वळ दुराग्रहाची म्हणता येणार नाहीत. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी हा रोष पत्करून मुद्रणाचा पुरस्कार केला व ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक चालविले. ज्या षट्खंडागमाच्या प्रती मूडबिद्रीत बंदिस्त होत्या, त्याचा पहिला खंड डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला.

पाठशाळेतील बालकाच्या हाती मात्र फारसे काही येत नव्हते. शिशाच्या खिळ्यांनी देवनागरी जुळवायची म्हणजे जोडाक्षरांसह शेकडो खिळ्यांचा संसार. शेपन्नास प्रतींसाठी तो खर्च कोण करणार? मग स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रश्नपत्रिका निघत. अक्षरे फुटत, चित्र काढावे तर स्टेन्सिल फाटे.

१९८५ साली अमेरिकेत पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीने ‘पेजमेकर’ ही प्रणाली आणली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिस येथे मुद्रणालय उभारणाऱ्या आल्डस मनुटियस यांचे नाव या कंपनीने घेतले होते. त्याच वर्षी आलेला ॲपलचा लेझर प्रिंटर व ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा यांच्या जोडीने पानाची मांडणी टेबलावरच होऊ लागली. पुण्यात सी-डॅक व मॉड्युलर इन्फोटेक यांसारख्या संस्थांनी भारतीय लिपींचे टंक सिद्ध केल्यावर मराठीलाही हे दालन खुले झाले.

पाठशाळेच्या पुस्तकाला याचा लाभ विशेष झाला. मूळ गाथा ठळक, तिच्याखाली अन्वय, बाजूच्या रकान्यात अर्थ, अशी मांडणी सहज साधू लागली. लहानांसाठी अक्षर मोठे करावयाचे तर नवे खिळे विकत घेणे नको. २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने स्वीकारलेले जैन प्रतीक एकदा रेखाटले की प्रत्येक पुस्तकात बसविता येई. लेझरवरील पान ट्रेसिंग कागदावर घेऊन त्यावरून ऑफसेटची प्लेट केली जाई. शिवाय चूक पडद्यावरच दुरुस्त होत असल्याने पाने वाया जाणे घटले. आशातनेची जुनी चिंता असलेल्यांना ही गोष्ट अधिक मोलाची वाटावी.

तथापि या सोयीत एक खोट होती. प्रत्येक कंपनीच्या टंकांची संकेतरचना निराळी. ज्या संगणकावर तो टंक नाही तेथे णमोकार मंत्राच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसे. भारतीय मानक १९९१ मध्ये निघाले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. परंतु छपाईच्या कामात जुनेच टंक दीर्घकाळ चालले. १९९४ मध्ये आल्डस ॲडोबीत विलीन झाली, २००१ची सातवी आवृत्ती पेजमेकरची शेवटची ठरली आणि इनडिझाइनने तिची जागा घेतली. त्या काळात तयार केलेल्या पुस्तिकांच्या फायली आज उघडत नाहीत. उघडल्या तरी रूपांतर करताना रफार सरकतो, अर्धे अक्षर गळते. मराठी मजकुरातील अशी चूक कोणाच्याही ध्यानात येते, प्राकृत गाथेतील येत नाही. म्हणून रूपांतरित पानाचे मुद्रितशोधन ज्यांना गाथा मुखोद्गत आहेत अशा वडीलधाऱ्यांकडून करून घ्यावे लागते, आणि तीही मंडळी आता थोडी उरली आहेत.