व्यावसायिक ग्राफिक्स कार्डांच्या किमतीतील तफावत : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वांद्रे स्थानकात येणाऱ्या उपनगरी गाडीला पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे डबे असतात. दोन्ही डबे एकाच वेळी सुटतात आणि एकाच क्षणी चर्चगेटला पोहोचतात. तरीही पहिल्या वर्गाचे भाडे कितीतरी पट अधिक असते. ही गोष्ट प्रवाशांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कारण सहसा कोणी विचारीत नाही. संगणकातील ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीतही काहीसे असेच घडते. वास्तुरचना, यंत्ररचना, दागिन्यांचे आरेखन, ॲनिमेशन इत्यादी कामांसाठी विकली जाणारी ‘व्यावसायिक’ कार्डे खेळांसाठीच्या कार्डांपेक्षा बरीच महाग असतात. व्यावसायिक कार्डांतही परस्परांच्या किमतीत मोठी तफावत असते. या तफावतीची ऐतिहासिक कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. मर्यादित निधीतून प्रयोगशाळा उभारणाऱ्या महाविद्यालयात किती विद्यार्थ्यांना यंत्रासमोर बसता येईल, हे या किमतीवरच ठरते.

1. स्वतंत्र यंत्रांचा कालखंड

आयबीएम कंपनीने 1984 मध्ये ‘प्रोफेशनल ग्राफिक्स कंट्रोलर’ हे कार्ड बाजारात आणले. त्याची किंमत 4,290 डॉलर होती. सामान्य कार्डे मोजकेच रंग दाखवीत असताना हे कार्ड 640 बाय 480 बिंदूंच्या पडद्यावर 256 रंग दाखवू शकत होते, आणि त्यावर स्वतःचा स्वतंत्र प्रोसेसर होता. याच दशकात, 1982 च्या सुमारास जेम्स क्लार्क यांनी स्थापन केलेल्या सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने त्रिमितीय चित्रणासाठी खास यंत्रे घडविली. या काळातील महागाई समजण्यास सोपी होती. महाग यंत्राच्या आत खरोखरच वेगळी, अधिक गुंतागुंतीची सामग्री होती आणि तिचे ग्राहक मोजके होते.

सिलिकॉन ग्राफिक्सने 1992 मध्ये ओपनजीएल हे मानक इतरांसाठी खुले केले. त्यामुळे तेच काम वैयक्तिक संगणकावरील कार्डांनाही करता येऊ लागले. खेळांच्या प्रचंड बाजारपेठेमुळे या कार्डांच्या चिपा वेगाने सुधारत गेल्या. पुढे 2006 व 2009 मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला.

2. एक चिप, दोन नावे

या इतिहासातील निर्णायक वळण 1999 मध्ये आले. एनव्हिडिया कंपनीने त्या वर्षी खेळांसाठी जीफोर्स 256 हे कार्ड सादर केले आणि त्याच चिपच्या आधारे व्यावसायिकांसाठी क्वाड्रो ही मालिका सुरू केली. चिप मूलतः एकच असल्याने दोहोंतील भेद अन्य मार्गांनी राखावा लागला. कार्डावरील काही सूक्ष्म रोधकांची जागा बदलून, तसेच नंतरच्या काळात केवळ सॉफ्टवेअरच्या साहाय्याने, हौशी तंत्रज्ञ साध्या कार्डाला क्वाड्रो म्हणून ओळख मिळवून देऊ लागले. किमतीतील मोठा भाग सिलिकॉनमध्ये नसून ड्रायव्हरमध्ये आहे, हे यातून उघड झाले.

याचा आणखी स्पष्ट पुरावा 2017 मध्ये मिळाला. प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीचे नवे कार्ड बाजारात येताच एनव्हिडियाने आपल्या टायटन एक्सपी या कार्डासाठी नवा ड्रायव्हर दिला. त्यामुळे माया यांसारख्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये त्या कार्डाचा वेग कित्येक पटींनी वाढला. ग्राहकाच्या संगणकातील कार्ड तेच होते. बदलली होती ती परवानगी.

3. अधिक किमतीच्या मोबदल्यात काय मिळते?

तथापि, यावरून व्यावसायिक कार्ड म्हणजे निव्वळ फसवणूक असा निष्कर्ष काढणे एकांगी ठरेल. उदाहरणार्थ, 2020 मधील जीफोर्स आरटीएक्स 3090 आणि आरटीएक्स ए6000 या दोन्ही कार्डांत जीए102 हीच चिप होती. पहिल्याची जाहीर किंमत 1,499 डॉलर, तर दुसऱ्याची सुमारे 4,650 डॉलर होती. पहिल्यात 24 जीबी, तर दुसऱ्यात 48 जीबी मेमरी होती. शिवाय दुसऱ्याच्या मेमरीत चूक शोधून दुरुस्त करणारी ईसीसी सुविधा होती आणि त्याला वीजही कमी लागत असे. पुढच्याच वर्षी आलेले आरटीएक्स ए5000 हे कार्डही याच चिपवर आधारलेले होते. मात्र त्यात चिपचे कमी गाभे कार्यान्वित होते, मेमरी 24 जीबी होती आणि किंमत ए6000 च्या सुमारे निम्मी होती. म्हणजे व्यावसायिक कार्डांच्या आपापसांतील तफावतीत मेमरीचा वाटा मोठा आहे.

दुसरा घटक प्रमाणनाचा होय. आरेखनाचे सॉफ्टवेअर बनविणाऱ्या कंपन्या विशिष्ट कार्ड व विशिष्ट ड्रायव्हर यांची एकत्र चाचणी घेऊन त्यांना मान्यता देतात. खेळात एखादी रेषा क्षणभर चुकली तर बिघडत नाही. पुलाच्या किंवा यंत्रभागाच्या आराखड्यात ती चूक महागात पडते. या चाचण्यांचा व दीर्घकालीन साहाय्याचा खर्च थोड्या ग्राहकांत वाटला जातो, त्यामुळे प्रत्येकाचा वाटा मोठा होतो.

4. दरभेदाचे तत्त्व

तरीही संपूर्ण तफावत या खर्चाने भरून निघत नाही. उरलेल्या भागाचे स्पष्टीकरण एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच अभियंता ज्यूल द्युप्युई यांच्या विवेचनात सापडते. रेल्वे कंपन्या तिसऱ्या वर्गाचे डबे बिनछपराचे ठेवीत, ते छपराचा खर्च वाचविण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा प्रवासी तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून, असे त्यांनी 1849 मध्ये दाखवून दिले. स्वस्त कार्डातील काही क्षमता मुद्दाम बंद ठेवण्यामागे हेच तत्त्व आहे. 2017 च्या अखेरीस एनव्हिडियाने जीफोर्सच्या ड्रायव्हरच्या परवान्यात डेटा सेंटरमधील वापरास मनाई करणारे कलम घातले. म्हणजे जे कुंपण पूर्वी रोधकाचे होते, ते पुढे ड्रायव्हरचे व अखेरीस कायद्याचे झाले.

5. स्थानिक संदर्भ

भारताने 1997 मध्ये माहिती तंत्रज्ञान करार स्वीकारल्यावर संगणक सामग्रीवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने रद्द होत गेले. त्यामुळे आपल्याकडील किमतीवर मुख्यतः डॉलरचा दर व करांचा परिणाम होतो. दरभेद मात्र मूळ किमतीसह जसाच्या तसा येतो. ऑक्टोबर 2024 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात एनव्हिडियाची कृत्रिम बुद्धिमत्तेवरील परिषद झाली आणि कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग तिला उपस्थित होते. त्या सभागृहापासून थोड्याच अंतरावरील महाविद्यालयांत मात्र प्रश्न वेगळा असतो. एका महाविद्यालयाच्या खरेदी समितीत प्रस्तुत लेखकास बसण्याची संधी मिळाली. मागणीपत्रात ‘केवळ व्यावसायिक कार्ड’ अशी अट होती. ती कोणत्या सॉफ्टवेअरसाठी, हे कोणालाच सांगता आले नाही. मागील वर्षीचा मजकूर तसाच उतरविला गेला होता. परिणामी मंजूर निधीत यंत्रे कमी बसली आणि विद्यार्थ्यांना पाळीपाळीने काम करावे लागले.

निष्कर्ष

व्यावसायिक कार्डाच्या किमतीत तीन घटक एकत्र आलेले दिसतात : अधिक व विश्वासार्ह मेमरी, प्रमाणनाची हमी आणि ग्राहकांना वेगळे ठेवणारे कुंपण. पहिले दोन घटक गरजेनुसार विकत घेण्याजोगे आहेत. तिसऱ्याचे मूल्य ग्राहकाने जाणून घेतले पाहिजे. प्रथम व द्वितीय वर्षाच्या आरेखनासाठी साधे कार्ड बहुधा पुरेसे ठरते, तर मोठी प्रतिरूपे हाताळणाऱ्या एखाद्या यंत्रासाठी महाग कार्ड समर्थनीय असते. पहिल्या वर्गाचे तिकीट काढणाऱ्यास आपण अधिक पैसे कशासाठी देत आहोत हे ठाऊक असते. सार्वजनिक निधीतून खरेदी करणाऱ्या संस्थेनेही किमान तेवढी जाणीव ठेवणे आवश्यक आहे.