धाराशिवच्या रानातले जिवाणू: बेवडापासून पाकिटापर्यंत

धाराशिव जिल्ह्याच्या शेतीत जमिनीतल्या उपयुक्त जिवाणूंचा वापर फार जुना आहे. त्यांचे पाकीट मात्र अलीकडचे. बालाघाटाच्या माथ्यावरची मुरमाड बरड जमीन आणि तेरणा, मांजरा, सीना यांच्या खोऱ्यांतली भारी काळी जमीन, दोन्ही एकाच काळ्या बेसाल्ट खडकाची लेकरे. काळ्या रानात चुना भरपूर आणि पालाश पुरेसे असते. नत्र आणि सेंद्रिय कर्ब यांची मात्र कायम ओढ. स्फुरद असतो, पण चुन्याला बांधलेला, पिकाच्या मुळांना सहजी न मिळणारा. रासायनिक खत येण्यापूर्वी या जमिनीने शतकानुशतके ज्वारी पिकवली, ती नत्राची ही तूट कोणीतरी भरून काढत होते म्हणूनच.

निजामी अमलात आणि त्याआधीही जिल्ह्याची शेती प्रामुख्याने ज्वारीची होती. खरिपात ज्वारी किंवा कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचे पाटे असत. मूग आणि उडीद दोन-अडीच महिन्यांत निघत आणि रान वखरून त्यावर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरली जाई. भूम, परंड्याकडच्या भारी जमिनीत शाळवाबरोबर हरभरा आणि करडई, तर बरडावर हुलगा आणि मटकी. मुगाचा किंवा हरभऱ्याचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा रानात मागे राहिलेला गुण, ज्वारीला मानवतो आणि ज्वारीवर ज्वारी घेतली की रान थकते, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक होते. उकिरड्यातले शेणखत उन्हाळ्यात गाडीने रानात पडे. मेंढपाळांचे कळप वावरात बसवून घेण्याचा रिवाजही होता. लेंडीखताच्या बदल्यात धनगराला धान्य मिळे. मात्र या जुन्या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. उत्पन्न कमीच होते, शेणाचा बराच भाग गोवऱ्या होऊन चुलीत जाई, आणि पाऊस चुकला की सारे गणित कोसळे.

बेवडामागचे कारण युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कळले. द्विदल पिके हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींमधील जिवाणूंमार्फत मिळवतात, असे जर्मनीत हेलरिगेल आणि विलफार्थ यांनी 1886 साली मांडले. 1888 मध्ये हॉलंडच्या बायरिंकने हे जिवाणू वेगळे काढून वाढवले. 1896 मध्ये नोबे आणि हिल्टनर यांनी ‘नायट्राजिन’ हे पहिले जिवाणू संवर्धक बाजारात आणले. भारतात या गाठींच्या जिवाणूंवरचे, म्हणजे रायझोबियमवरचे, पहिले संशोधन 1920 च्या सुमारास एन. व्ही. जोशी यांनी केले. शेणखताचीही शास्त्रीय तपासणी झाली. इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण व मूत यांचे थर लावून, ओलावा आणि हवा सांभाळून, कुजवण्याची पद्धत बसवली. तिच्यावरचे त्यांचे पुस्तक 1931 साली निघाले. कुजवण्याचे ते सारे काम जिवाणू आणि बुरशींचेच होते.

धाराशिवच्या बांधावर हे शास्त्र पोहोचायला बराच काळ लागला. 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पुढे संकरित ज्वारी आणि युरिया आला, 1972 मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ निघाले. त्याच वर्षीच्या दुष्काळाने मराठवाड्यातल्या दावणी रिकाम्या केल्या. पुढे ट्रॅक्टर आले तसे बैल आणखी घटले आणि शेणखताची गाडी क्वचित दिसू लागली.

खरा पालट सोयाबीनने केला. मूग, उडीद, तूर आणि भुईमूग यांच्या गाठी करणारे जिवाणू इथल्या रानात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते. सोयाबीनला लागणारी ब्रॅडीरायझोबियमची जात मात्र या मातीला परकी. नव्या रानात पहिल्यांदा सोयाबीन पेरताना ती बियाण्यासोबत न्यावी लागते. जिवाणू पाकिटाची गरज त्यातूनच निर्माण झाली. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचे एक पाकीट, असे प्रमाण. गूळ घातलेले पाणी गार झाले की त्यात ती काळी भुकटी कालवायची, पोत्यावर पसरलेल्या बियाण्याला साल न सोलवटता हलक्या हाताने चोळायची, सावलीत वाळवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. काम झाले की नाही हे साधारण चाळीस दिवसांनी कळते. झाड मुळासकट उपटून गाठ नखाने फोडली आणि आत लालसर गुलाबी रंग दिसला, तर नत्र बांधला जातो आहे. पांढरी किंवा हिरवट गाठ म्हणजे काम बंद.

पाकिटावर शेतकऱ्याचा विश्वास मात्र लवकर बसला नाही, आणि त्यात त्याचा दोष थोडाच. मे महिन्यात पत्र्याखाली तापलेल्या पाकिटात जिवंत काही उरत नाही. पेरणीला युरियाचा डोस जास्त झाला की गाठी धरत नाहीत. रान चिबडले तरी तेच. दर्जाचे कायदेशीर बंधनही उशिरा आले: जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली 2006 साली आली. अलीकडे द्रवरूप संवर्धके निघाली असून ती भुकटीपेक्षा जास्त टिकतात. हरभरा आणि तुरीच्या मर रोगावर ट्रायकोडर्मा, स्फुरद मोकळा करणारे जिवाणू, उसासाठी असेटोबॅक्टर, अशी नावे आता कृषी केंद्रांत सर्रास ऐकू येतात. परभणी विद्यापीठाचे ‘बायोमिक्स’ हे मिश्रण मराठवाड्यात चांगलेच रुजले आहे.

दुसरी वाट बायकांच्या हातून पडली. 1993 च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनात ज्या संस्थेचे काम उभे राहिले, त्या स्वयं शिक्षण प्रयोगाने पुढे दुष्काळी वर्षांत धाराशिव आणि लातूर भागात ‘एक एकर’ शेती रुजवली. घरच्या रानातला अर्धा-एक एकर बाईच्या ताब्यात, त्यात नगदी पिकाऐवजी डाळी, भरड धान्य आणि भाजीपाला, आणि खत म्हणून गांडूळखत व जीवामृत. या कामाला 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांच्या जीवामृतातून अन्नद्रव्ये थोडीच मिळतात. त्याच्या जोडीला रानात काडीकचरा आणि शेणखत पडले, तरच त्यातल्या जिवाणूंना खायला काही असते. एक एकराचे खरे बळ मिश्र पिकांत आहे. जुन्या बेवडाचाच तो नवा अवतार.

आज जिल्ह्याच्या मोठ्या भागात खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला हरभरा, असा फेर चालतो. दोन्ही पिके द्विदल असली तरी त्यांनी मिळवलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्याबरोबर बाजारात जातो. हरभरा वर्षानुवर्षे त्याच रानात घेतला की मर रोगाची बुरशी मातीत साठत जाते. शाळवाचा पेरा आणि शेणखत यांची जागा कोणतेही पाकीट भरून काढत नाही.