खेळ, कॉलेज आणि गहाण पडलेलं घर



१९५२ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर ७,००० रुपयांना गहाण ठेवलं. मुलीचं लग्न नव्हतं, आजारपण नव्हतं, कोर्टकचेरीही नव्हती. कॉलेजात शिकलेल्या एका पैलवानाला हेलसिंकीला जायचं होतं आणि बोटीचं, विमानाचं, राहण्याजेवण्याचं भाडं कुणी भरायला तयार नव्हतं, एवढंच कारण.

तो पैलवान म्हणजे खाशाबा जाधव. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक आणलं, आणि ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ठरलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता आपल्या राज्याचा क्रीडा दिन आहे. पण आज मला पदकाविषयी लिहायचं नाही, त्याच्या मागच्या हिशेबाविषयी लिहायचं आहे. कारण खेळणाऱ्या मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न जिथे जिथे येतो, मग ते कराड असो, आमची भिवंडी असो की न्यू जर्सी, तिथे हाच हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. टिळक हायस्कूलमध्ये शिकले आणि मग राजाराम कॉलेजात आले. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांची लहानखुरी चण बघून त्यांचं नाव घ्यायला नकार मिळाला, तेव्हा ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्याहून थोराड पैलवानांना त्यांनी लोळवलं, असं सांगतात. म्हणजे प्रवेश होता, अंगात खेळ होता, गुण ओळखणारा माणूसही भेटला होता. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांचा खर्च केला. तिथे फ्लायवेट गटात ते सहावे आले.

मग १९४९च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. विलीनीकरण व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर झालं असं, की जुना आश्रयदाता गेला आणि नव्या सरकारने ती जागा अजून घेतलेली नव्हती. १९५२ साल नेमकं या मधल्या पोकळीत आलं. सरकारदरबारी केलेली मागणी फळली नाही. गावोगाव वर्गणी निघाली, तीही पुरेना. ती पोकळी शेवटी एका प्राचार्याच्या घराने भरून काढली. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड गाजवले आणि त्या पैशातून गहाण सोडवलं.

आपण ही गोष्ट वर्गात सांगतो ती प्राचार्यांच्या मोठ्या मनाची म्हणून. तसं मन होतंच. पण इतिहास शिकवताना मला नेहमी दुसरी गोष्ट जाणवायची. खेळाडू विद्यार्थ्याला तीन होकार लागतात. एक मैदानाचा, एक प्रवेश देणाऱ्या कचेरीचा आणि एक पैसे देणाऱ्याचा. हे तीन होकार एका दिवशी, एका माणसाकडून क्वचितच मिळतात. पहिला आणि तिसरा यांच्यामध्ये जो काळ जातो, त्या काळाचा भार कुणावर पडतो, यावरून कोण खेळणार आणि कोण घरी बसणार ते ठरतं.

याच कोल्हापुरात तीनही होकार एका छताखाली आणण्याच्या जवळ पोहोचलेला माणूस होऊन गेला होता. शाहू महाराजांनी १९०१पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. त्याच महाराजांनी तालमी आणि मल्ल पोसले, १९१२मध्ये खासबागचं कुस्ती मैदान बांधलं. खेड्यातल्या पोराला शिकायला आणि खेळायला एकाच गावात निवारा मिळाला. आज कोल्हापूरचं फुटबॉल-वेड बघायला जावं तर शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या संघांची नावं पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी दिसतात. लाल मातीतली तालीम पुढे हिरवळीवर आली, ती अशी. पण राजाश्रयाची अडचण ही, की तो राजाबरोबर संपतो.

मुंबईने वेगळी वाट काढली. तिथे कॉलेज खेळाडू शोधायचं, पण पैशाचा होकार यायचा नोकरीकडून. अजित वाडेकरांचा किस्सा ठाऊक असेल. गणितात हुशार मुलगा, वडिलांना तो इंजिनियर व्हायला हवा होता. बसमध्ये भेटलेल्या बाळू गुप्त्यांनी त्यांना कॉलेजच्या संघात बारावा खेळाडू म्हणून बोलावलं. भत्ता ३ रुपये! वाडेकर गेले, क्रिकेटमध्ये रुळले, आणि त्यांच्या कप्तानीत १९७१मध्ये भारताने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकल्या. पण घर चालवायला त्यांची स्टेट बँकेतली नोकरी होती, हे विसरून चालणार नाही.

फुटबॉलमध्येही तेच. कूपरेजवर खेळणाऱ्या संघांची जुनी नावं आठवा: मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स, महिंद्रा. गिरणी, बँक, रेल्वे, पोलीस यांनी खेळाडूला पगार दिला, म्हणून गरिबाघरचा मुलगा पंचविशीनंतरही खेळू शकला. खुद्द खाशाबाही १९५५मध्ये पोलिसात फौजदार म्हणून लागले. मात्र हा होकार शिक्षण संपल्यावर येणारा. आणि तोही टिकाऊ नव्हता. १९८२चा गिरणी संप झाला, गिरण्या मोडत गेल्या. १८९१पासून चालत आलेला रोव्हर्स कप या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. २०१०मध्ये महिंद्राने आपला संघ मोडला.

आता थोडं सातासमुद्रापलीकडे जाऊ, कारण आमच्या घरात सध्या हाच विषय आहे. माझ्या पुतण्याची मुलगी न्यू जर्सीत बारावीच्या उंबरठ्यावर आहे, आणि फुटबॉल, तिच्या भाषेत सॉकर, चांगलं खेळते. एका लहानशा कॉलेजच्या कोचला ती हवी आहे. 'नोव्हेंबरच्या आत अर्ज कर, तुझं नाव मी प्रवेश समितीकडे लावून धरतो,' असं तो म्हणतो. पुतण्याने मला विचारलं, काका, तुम्हाला काय वाटतं? मी बापडा मराठी माध्यमाचा बी.ए. तरी इतिहासाची खोड जाईना, म्हणून वाचायला बसलो.

तिकडची व्यवस्था आपल्याला स्वर्गासारखी सांगितली जाते: उत्तम खेळा, फुकट शिका. ती तशी सरसकट नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची मुख्य संघटना एनसीएए. गरज न बघता केवळ खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला तिने १९५६मध्ये मुभा दिली. त्याच्या दोनच वर्षं आधी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठ विद्यापीठांनी नेमकं उलटं ठरवलं होतं, की खेळासाठी पैसे द्यायचे नाहीत, घरच्या गरजेप्रमाणे द्यायचे. एनसीएएच्या तिसऱ्या विभागातली लहान कॉलेजंही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. पहिल्या विभागात ती आहे, पण कित्येक वर्षं मुलांच्या अख्ख्या फुटबॉल संघाला मिळून ९.९ आणि मुलींच्या संघाला १४ पूर्ण शिष्यवृत्त्या, एवढीच मर्यादा होती. पंचवीस-तीस जणांत त्या वाटायच्या, म्हणजे एकेकीच्या वाट्याला तुकडाच. २०२५पासून नियम बदलले. नवी तडजोड मान्य करणाऱ्या कॉलेजांना ती मर्यादा उरली नाही, पण संघात २८हून अधिक जणी घेता येत नाहीत. पैसा वाढू शकतो, जागा मात्र मोजक्या झाल्या.

आणि वेळापत्रक पाहा. पहिल्या विभागातल्या कोचला मुलीशी बोलायची परवानगी दहावीनंतरच्या १५ जूनपासून. 'अर्ली डिसिजन' नावाचा बांधून घेणारा अर्ज साधारण १ किंवा १५ नोव्हेंबरला, त्याचा निकाल डिसेंबरच्या मध्यावर. हा अर्ज एकाच कॉलेजला करता येतो, आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, असं वचन द्यावं लागतं. बाकीच्यांचे अर्ज जानेवारीत, निकाल मार्च अखेरीस, आणि होकार कळवायची मुदत १ मे. म्हणजे थांबणाऱ्याला चार कॉलेजांची पैशांची पत्रं शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते, आणि नोव्हेंबरमध्ये बांधून घेणाऱ्याला ती येत नाही. पण थांबलं तर कोचची जागा दुसऱ्या मुलीला जाणार!

मैदानाचा होकार आधी, प्रवेशाचा मग, पैशाचा शेवटी किंवा जेमतेम बरोबरीने. राजाराम कॉलेजातला १९५२चा क्रम जसाच्या तसा. फक्त तिथे मधल्या काळासाठी प्राचार्यांनी घर गहाण टाकलं, इथे ते काम आईबापांच्या डोक्यावर येतं, आणि पुढे मुलीच्या शैक्षणिक कर्जावर.

म्हणून मी पुतण्याला एवढंच लिहिलं, की कोचचा शब्द हा भल्या माणसाचा शब्द असेल, पण प्रवेशाचं पत्र निराळी कचेरी देते आणि पैशाचं पत्र तिसरी. तिन्ही कचेऱ्यांना तीन निरनिराळे प्रश्न विचार. तिथल्या कॉलेजांना २०११पासून आपल्या संकेतस्थळावर घरच्या उत्पन्नानुसार अंदाजे खर्च दाखवणारा गणकयंत्रासारखा तक्ता ठेवावाच लागतो. तो आधी भर. अर्जाआधीच मदतीचा आकडा अंदाजे कळेल का, असं मदत कचेरीला लेखी विचार. अर्ली डिसिजनमध्ये मिळालेली मदत खरोखरच अपुरी असेल तर माघार घेता येते, ती कशी, हेही आधी विचार. शेवटचा प्रश्न मुलीला विचार: पहिल्याच महिन्यात गुडघा दुखावला आणि चार वर्षं मैदान दिसलं नाही, तरी या कॉलेजात तू सुखाने शिकशील का? याचं उत्तर 'हो' असेल आणि आकडा झेपत असेल, तर नोव्हेंबर. नाहीतर मे महिन्यापर्यंत धीर धरावा, जागा गेली तर गेली.

ही आपल्याला न पेलणारी दूरदेशीची चिंता आहे, असं कुणी म्हणू नये. २०१७मध्ये सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. आपल्या २१ जणांच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता आणि न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडेही होता. ६ ऑक्टोबरला दिल्लीत आपला पहिला सामना झाला तो अमेरिकेशीच, आणि आपण ०-३ हरलो. अनिकेत घडला तो राज्य सरकारच्या पुण्यातल्या क्रीडा प्रबोधिनीतून. निवड झालेल्या मुलाचं राहणं, खाणं, शाळा आणि सराव एकाच ठिकाणी करणारी ही योजना. माझ्या मते शाहू महाराजांच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ पोहोचलेली आपली व्यवस्था हीच. पण तिच्यात जागा थोड्या.

बाकीच्या मुलांसाठी आपल्याकडे काय आहे? दहावी-बारावीला जास्तीत जास्त २५ क्रीडागुण, आणि पुढे सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण. दोन्ही चांगली, पण मधलं कॉलेज कोरडंच.

आमच्या भिवंडीतली एक हकीगत सांगतो. माझा एक विद्यार्थी फुटबॉल फार सुंदर खेळायचा. वडील यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत, आई घरी कांड्या भरायची. दहावीनंतर मुंबईच्या एका कॉलेजने त्याला खेळाच्या जागेवर प्रवेश दिला, फीसुद्धा माफ केली. पेढे वाटले गेले. पण सराव सकाळी साडेसहाला. भिवंडीहून मुंबईला थेट लोकल नाही. पहाटेच्या अंधारात बस किंवा रिक्षा पकडून कल्याण गाठायचं, तिथून गाडी. पास, बूट, दुपारचं खाणं, आणि घरी कमी झालेला एक हात. दिवाळीपर्यंत तो टिकला, मग मागावर लागला. यात कॉलेजची चूक मला दिसत नाही, त्यांनी त्यांच्या हातातलं दिलं होतं. वसतिगृहातली एक खाट आणि दोन वेळचं जेवण एवढीच रक्कम कमी पडली. ती कुणाच्याच खात्यात लिहिलेली नव्हती.

शिष्यवृत्ती म्हटली की आपण फीचा आकडा बघतो. खाशाबांना कॉलेजची फी अडली नव्हती, या मुलालाही नाही. अडला तो फी आणि मैदान यांच्या मधला खर्च. म्हणून सत्कारात शाली-श्रीफळावर पैसे घालण्यापेक्षा गावातल्या एखाद्या खेळाडू मुलाचा किंवा मुलीचा वर्षाचा रेल्वे पास आणि खोलीभाडं उचलावं, असं मला फार वाटतं. त्याला घर गहाण टाकावं लागत नाही. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण हे वाचतात, ते जूनच्या आत माझ्याशी बोलले तर बरं. अकरावीचे प्रवेश तेव्हाच सुरू होतात, आणि दोन नावं माझ्या डोळ्यांसमोर आहेत.