उन्हात बंद पडलेलं यंत्र

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. चंद्रपूरचा मे म्हणजे काय हे इथल्यांना सांगायला नको, आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना सांगून पटत नाही. भर दुपारी दोन वाजता वीज गेली. आमच्या गच्चीवर सोलरच्या पाट्या आहेत, सूर्य आग ओकतोय, म्हटलं आपल्याला काय त्याचं! तर पंखा बंद. जिन्यात जाऊन बघते तो सोलरचं ते भिंतीवरचं यंत्र, इन्व्हर्टर, तेही लाल दिवा लावून गप्प बसलेलं. "डोक्यावर ऊन आणि घरात घाम, मग हवं कशाला हे?" असं मी ह्यांना दोनदा ऐकवलं.

संध्याकाळी ओळखीचा लाइनमन आला, त्याच्यावरही तोंडसुख घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, तुमचं मशीन बंद नाही झालं तर खांबावर चढलेला आमचा पोरगा खालीच नाही येणार न." मी गप्पच झाले. आपण लाइन बंद केली असं समजून तो तारेला हात लावणार आणि आमच्या गच्चीवरून वीज उलटी तारेत जाणार! म्हणून नियमच आहे, बाहेरची वीज गेली की दोन सेकंदांच्या आत या यंत्रानं हात काढून घ्यायचा.

पण तेवढंच कारण नाही. पाट्यांमधून येणारी वीज सरळ, आणि तारेतली सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाणारी. यंत्र आतल्या आकडेमोडीनं त्या सरळ विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करतं आणि त्यातून एक लाट घडवतं. ती लाट बाहेरच्या लाटेबरोबर, तिच्याच क्षणी वर जायला हवी, तिच्याच क्षणी खाली. त्यासाठी ते सतत बाहेरची लाट बघत राहतं. ती गेली की कोणाच्या मागे चालायचं?

मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं, विज्ञान माझं नव्हे. पण लेझीम बसवलेली आहे. उशिरा आलेला मुलगा थेट रांगेत घुसला तर दहा जणांची लेझीम चुकते. त्याला बाजूला उभं करायचं, ढोल ऐकत जागीच पाय हलवू द्यायचे, ताल जुळला की आत घ्यायचं. आमच्या दुर्गापूरच्या वीज केंद्रात १९८३ साली २१० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला तोही असाच जोडला गेला असणार. चक्र मिनिटाला ३००० फेऱ्यांवर आणायचं, तबकडीवरचा काटा बारावर येताना बघायचा, आणि नेमक्या क्षणी खटका दाबायचा. क्षण चुकला तर सगळं जाळं त्या एका यंत्राला हिसका देऊन आपल्या तालावर आणतं, आणि त्यात लोखंडाचा दांडा पिळवटू शकतो.

मात्र आपल्या जिल्ह्यातलं खरं नवल भद्रावतीचं. आम्ही सहली नेल्या त्या तिथल्या जैन मंदिराला आणि विजासनच्या लेण्यांना. १९९७-९८ च्या सुमारास तिथे एक वेगळंच केंद्र उभं राहिलं हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा पश्चिमेचं विजेचं जाळं आणि दक्षिणेचं जाळं, दोघांचा ताल वेगळा. दोन्ही ५० च्या आसपास, पण एकत्र कधीच नाही. सरळ तारेनं जोडले असते तर हिसक्यानं दोन्ही कोलमडले असते. म्हणून भद्रावतीला एका बाजूच्या विजेची लाटच मोडून ती सरळ करायची आणि पलीकडे, रामगुंडमच्या दिशेनं, तिथल्या तालात नवी लाट घडवून द्यायची. ५०० मेगावॉटच्या दोन जोड्या, एकूण १०००. सरळ विजेला ताल नसतो, म्हणून भांडणही नाही!

यातली मेख कोणती? पूर्वीची नियंत्रणं बाहेरच्या प्रत्येक लाटेकडे बघून ठोका द्यायची. जाळं दुबळं असलं की केंद्राच्याच ठोक्यांनी लाट वाकडी व्हायची, आणि मग केंद्र त्या वाकड्या लाटेवर विसंबून आणखी वाकडं चालायचं. १९६८ साली एन्सवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं वेगळी रीत मांडली. यंत्राचा आतला ठोका सारख्या अंतरानं आपला आपण चालू द्यायचा, बाहेरच्याशी हळूहळू जुळवायचा, एकेका धक्क्यानं बिचकायचं नाही. एका लाटेत बारा ठोके, म्हणजे सेकंदाला ६००. (आमच्या शाळेत असे दोन-तीन शिक्षक होते, वर्गात कितीही गोंधळ असो, यांचा आवाज तोच. वर्ग शेवटी त्यांच्याच पट्टीत यायचा.)

या वेगळेपणाचा उपयोग २०१२ च्या जुलैत दिसला. ३० आणि ३१ तारखेला देशाचं जाळं कोसळलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत एकदम अंधारात, साठ कोटींहून अधिक माणसं. दक्षिण मात्र तग धरून राहिली, कारण ती इतरांशी भद्रावतीसारख्या ठिकाणीच जोडलेली होती. त्यांचा ताल बिघडला तरी हिचा नाही.

आणि तरीही ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर लाइनवरून दक्षिणही उरलेल्या देशाच्या तालात मिसळली. एकटं राहण्यात सुरक्षितता होती, पण टंचाईत शेजाऱ्याकडून हवी तेवढी वीज आणता येत नव्हती. भद्रावतीचं केंद्र त्यानंतरही चालूच राहिलं, कारण किती वीज कुठे धाडायची ते तिथे मोजून ठरवता येतं.

त्या दिवशी वीज साडेपाचला आली. पंखा लगेच फिरला, पण इन्व्हर्टरचा दिवा लालच. हे म्हणाले, बिघडलं वाटतं. मी म्हटलं थांबा, ढोल ऐकतंय ते. मिनिटभरानं खट्‌ असा बारीक आवाज झाला आणि दिवा हिरवा झाला.